राहून गेलेली आज्ञा

दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या म्हाताऱ्या सुताराशेजारी एक आई येऊन टेकली. लेकीच्या तळपायांना फोड आले होते आणि नर्सने तिला पट्टी करायला आत नेलं होतं. तेवढ्यात लेकीच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाई धावतपळत आल्या. सुताराने पेपर डोळ्यांपुढे धरला, पण कान तिकडेच लावले.

"बाई, तुम्ही कोडिंग शिकवता की कवायत?"

"अहो, चाळीस मुलांत एकच कॉम्प्युटर. म्हणून एकाने कागदावर आज्ञा लिहायच्या आणि दुसऱ्याने यंत्र होऊन त्या पाळायच्या. काल आज्ञा मीच लिहिल्या. भिंतीपर्यंत जा, वळ, परत ये, पुन्हा तेच कर."

"आणि थांबायचं कधी?"

"तेच लिहायचं राहिलं. मला मध्येच ऑफिसात बोलावलं."

"शाळा सुटली तरी माझी पोर आपली उन्हात चालतेय! शिपाईमामांनी हटकलं, तर म्हणे कागदावर तसं लिहिलेलं नाही."

"चूक माझीच आहे. पण तिला या वर्गातून काढू नका, एवढंच सांगायला आले. इतकं नेमकं काम आजवर कुणी केलं नव्हतं."

"घरी दहा हाका मारल्या तरी ढिम्म हलत नाही ती!"

"मग पाठवाल ना?"



"पाठवते. पण या खेपेला आज्ञा ती लिहील, आणि यंत्र तुम्ही व्हायचं."

"कबूल."

"आणि चपला जरा मऊ घालून या, बाई."