पट्टीखालची फट

(कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं जोतीराम मेस्त्रीचं गॅरेज. बाकड्यावर ट्रॅक्टरच्या इंजिनाचं हेड. ते घासून, सपाट करून स्वतः घेऊन आलेले पारसअण्णा शेजारी स्टुलावर.)

जोतीराम : अण्णा, चहाचा गिलास खाली ठेवा आधी! वाफा निघायल्यात, बोटं भाजत्याली.

पारस : कुठं गरम आहे? कोमट आहे नुसता. आणि तू विषय बदलू नकोस. माझ्या हेडवर सपाटी बघायची पट्टी लावतोस?

जोतीराम : बसवायच्या आधी बगावं लागतंय की.

पारस : चाळीस वर्षं नाही लागलं ते! पारस घासणार, जोत्या पुसून बसवणार. हातच्या काकणाला आरसा कशाला रे?

जोतीराम : मुरगूडचं पावणं उद्या ट्रॅक्टर न्यायला येणार हाईत. पाणी गळलं तर शिव्या मला बसत्याल.

पारस : लाव मग! कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाव. पट्टीखाली ती फट मोजायची पातळ पात घालून बघ, पाचची. जायची नाही.

जोतीराम : गेली, अण्णा.

पारस : पट्टी वाकडी असेल तुझी.

जोतीराम : पट्टी तुमीच दिल्याली हाय. गॅरेजच्या पूजेला.

पारस : जाड पात घाल. दहाची.

जोतीराम : ऱ्हाऊ द्या की आता.

पारस : घाल म्हणतो ना!

जोतीराम : ती बी गेली. मधी खोलगट हाय. मशीनवर हेडखाली लोखंडाचा कीस ऱ्हायला असंल आन् तसंच आवळलं असंल तुमी.

पारस : कीस? अरे, खाली बोट फिरवल्याशिवाय मी हेड ठेवत नाही. केसाएवढा कण लागतो माझ्या बोटाला!

जोतीराम : लागत हुता, अण्णा.

पारस : म्हणजे?

जोतीराम : साखरेनं बोटं बधिर झाल्यात तुमची. त्यो गिलास बगा. मला फडक्याबिगर धरवत न्हाय, आन् तुमी मुठीत घिऊन बसलाय.

पारस : …कधीपासून पट्टी लावतोस माझ्या कामाला? खरं सांग.

जोतीराम : पाडव्यापासनं.

पारस : किती चुकली?

जोतीराम : ह्ये धरून पाच.

पारस : ती चार तशीच बसवलीस?

जोतीराम : येडा हाय व्हय मी? परत घासून आणली.

पारस : कुणाकडनं?

जोतीराम : नका इचारू.

पारस : जोत्या!

जोतीराम : अनेकांतकडनं. तुमच्या पोराकडनं. दुपारी तुमी जेवून पडला की तुमच्याच मशीनवर घासतोय. म्हणला, काका, माझ्या अप्पांस्नी कळू दिऊ नका, खचत्याल. लई रडलं पोरगं.

पारस : आणि मी त्याला चारचौघांत म्हणालो, कम्प्युटरची बटणं दाबणाऱ्याला लोखंड काय कळणार.

जोतीराम : म्हणलासा खरं.

पारस : त्याचं सपाट येतं?

जोतीराम : येतंय.

पारस : पाचची जात नाही?

जोतीराम : न्हाय जात.

पारस : ठेवायच्या आधी खाली बोट फिरवतो?

जोतीराम : फिरवतोय की. डोळं मिटून, तुमच्यागत.

पारस : मग हेही त्याच्याकडंच ने. चोरून नको. अप्पांनी पाठवलंय म्हणून सांग.

जोतीराम : अण्णा, डोळं पुसा. हेडवर पाणी पडाय लागलंय, गंज धरंल.

पारस : पुसतो. दुसरा चहा सांग… आणि गरम आहे का, ते तू सांग मला.