पिरॅमिडवाल्यांची चूल

मी नरसाबाई, जातीनं वडार. जल्म कुठला म्हणून इचारताल तर काय सांगू तुमाला ताई, जिथं दगड निघाला तिथं आमचं गाव. माझ्या मायला कळा आल्या तवा टोळी देगलूरकडच्या खाणीवर होती म्हणून मी देगलूरची, आन थोरला भाऊ कोणत्या खाणीवर झाला ते मायलाबी धड सांगता येत नव्हतं. आता बिलोलीत घर हाय, पत्र्याचं हाय पण हाय. दारात बसलेत ते आमचे मालक. कानानं कमी हाय, पण आपल्याबद्दल बोलून राहिले म्हणलं की सगळं ऐकू येतं त्येन्ला.

तर तुमी वही उघडून पिरॅमिडचं इचारून राहिले. ते निघालं नातीमुळं. रेणुका, माझ्या लेकाची पोर, अहमदपूरला कालेजात हाय, सुट्टीत आली की आज्याला मोबाइल दाखवीत बसते. तिनं ते मिसर देशातले दगडाचे डोंगर दाखवले, राजाला पुरलं त्याच्यावर रचलेले. शेजारचा एक जण डोकावला आन म्हणला, मावशी, हे माणसाचं काम न्हाई, आबाळातून कोणी येऊन बांधून गेलं. मला असा राग आला! म्हणलं, आबाळातले कामून येतील रे दगड वाहायला, तिकडं काय काम मिळंना का त्येन्ला? रेणुका हसली, म्हणली, न्हाई आजी, माणसांनीच बांधलं, आता उकरून सगळं सापडलंय. लाकडाच्या चौकटीवर दगड ठेवायचा, म्होरल्या रेतीवर पाणी मारायचं म्हंजे चौकट रुतत न्हाई, आन दोरानं वढायचं. वर चढवायला मातीचा उतार करायचे, तो उतार कसा होता त्याच्यावर शिकलेले लोक अजून भांडून राहिले म्हणे. आन टोळ्या होत्या, प्रत्येक टोळीला नाव होतं, ते नाव दगडावर रंगानं लिवायचे. मालक एवढं ऐकून म्हणले, म्हंजे वडारच की.

आमी तसंच केलं होतं ताई. माझं नवं लगीन झालं होतं. अहमदपूरच्या पल्याड एक टेकडी हाय, वर महादेव. खालच्या गावातल्या लिंगायत दुकानदारांनी मिळून काळ्या दगडाचा नंदी घडवून घेतला, आन वर गाडी जाईना. मग आमची टोळी बोलावली. टोळीचा नाईक हणमंतामामा, त्याची बायको लक्ष्माक्का. अक्का काळीसावळी, उंच, बोलायची कमी आन बोलली की समोरचा गप. बाभळीची चौकट केली, तिच्यावर नंदी बांधला, चढाला भराव टाकला, वरून काळी माती अंथरली आन आमी बाया घागरीनं पाणी मारीत म्होरं चालायचो. काळी माती वली झाली की तिच्यावर माणूस उभं राहत न्हाई, ती नंदीला काय धरून ठेवती! गडी वढायचे आन आमचे मालक मागं, पाचर लावायला. एक हिसका बसला की लगेच पाचर, न्हाईतर नंदी माघारी येतो. शेवटच्या वळणाला दोर तुटला. नंदी माघारी आला, ह्यांनी पाचर सारली, नंदी थांबला, पण थांबता थांबता ह्यांचा पाय चौकटीखाली आला. नडगीचं हाड मोडलं. मी घागर टाकून पळाले, पुढचं मला नीट आठवत न्हाई.

नंदी दुसऱ्या दोरानं वर गेला, बसला, गावानं गुलाल उधळला. गावातल्या हाडवैदानं बांबूच्या कामट्या बांधल्या आन बजावलं, पाय टेकवायचा न्हाई, गाडीत तर माणूस घालायचाच न्हाई, हाड सरकलं तर पाय गेला समजा. आन तवाच हदगावकडचा गुत्तेदार ट्रक घेऊन आला. कालव्याला दगड बसवायचं मोठं काम होतं, आज निघा न्हाईतर दुसऱ्या टोळीला देतो म्हणला. लोक आवराया लागले. एक-दोघं म्हणले, ह्या दोघांला इथं ठेवू, दाणे पाठवीत जाऊ. वाईट नव्हते ताई ते, लेकरं त्येन्लाबी होती. पण मी परक्या गावात, पोटुशी, नवरा आडवा पडलेला, टोळी गेली तर मी कोणाच्या तोंडाकडं बघायचं?

आमच्यात टोळी उठायची एक रीत हाय. नाईकाच्या बायकोनं आधी आपल्या चुलीचे दगड उलथे करायचे, मग बाकीच्या बायांनी. तिची चूल उभी हाय तोवर कोणाचं बिऱ्हाड हलत न्हाई. ट्रक चालू करून ठेवलेला, भांडीकुंडी वर चढलेली. हणमंतामामा खाली बघून उभा. अक्का चुलीकडं निघाली. ती वाकली तशी मी डोळेच मिटले. दगडाचा आवाज येईल म्हणून ऐकून राहिले, तर तुराट्या मोडल्याचा आवाज आला. डोळे उघडून बघते तर अक्कानं चूल पेटवली होती. वर बघून म्हणली, माझी परात उतरवा रे, भाकरी टाकायच्यात. आन गुत्तेदाराला म्हणली, सायेब, बसा, जेवून जा. तो कशाला जेवतो! गेला तणतणत. त्याच्या आधी हणमंतामामानंच पहिल्यांदा ट्रकवरून परात उतरवली होती, मग बाकीच्यांनी आपापली भांडी.

ते काम गेलं. हे उठून चालेपर्यंत टोळी तिथंच राहिली, मिळंल ते फोडीत, अर्धपोटी बी. पाळीपाळीनं एकेका घरची भाकरी आमच्या झोपडीत यायची, आन एकाही बाईनं मला कधी बोलून दाखवलं न्हाई. पाय जुळला. वाकडा जुळला, पण जुळला.

मागं आमी त्या टेकडीवर दर्शनाला गेलो, तर एक पोरगा लोकांना सांगत होता, हा नंदी आपल्या पायानं वर आलाय, देवाची करणी. म्या म्हणलं, मग ह्या माणसाचा पाय कशानं मोडला, देवाला इचार की. मालक म्हणले, जाऊ दे. आन नंदीच्या पाठीवर हात फिरवून हसले.

तर रेणुकानं शेवटी सांगितलं की पिरॅमिडच्या बाजूलाच त्या कामगारांच्या बी कबरी सापडल्या, गुलाम नव्हते म्हणे ते. त्यांच्या भट्ट्या सापडल्या, रोट्या भाजायची भांडी सापडली, आन कितीकांची हाडं मोडून परत जुळलेली. मालकांनी तिला परत सांगायला लावलं. मग वाकड्या नडगीवर हात ठेवून म्हणले, जुळलेली हायत, म्हंजे त्येन्लाबी कोणीतरी बसवून खाऊ घातलं. मला एकदम रडूच आलं. आमच्यात माणसाला माती देतात, जाळत न्हाईत, तर आता हे सारखं म्हणून राहिले, मला नीट पुरा, पुढं कोणी उकरलं तर पाय बघून त्येन्ला कळंल.

कळंल बी. पण अक्काचं नाव काय हाडावर लिवलेलं न्हाई. ती जाऊन लई वर्षं झाली. म्हणून तुमी लिवून घ्या, लक्ष्माक्का, हणमंता नाईकाची बायको. लिवलं? आता वही ठेवा खाली. ग्यास हाय घरात, पण भाकरी म्या चुलीवरच टाकते. बगा, पेटलीय. आता उठायचं न्हाई.