शेवेच्या डब्यातली गोळी

“ही उदासीची गोळी हृदयाच्या डॉक्टरांनाही दाखवा,” असं मनाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पूर्णिमानं ते कानाआड केलं. आज स्वतःच्या हृदयाच्या ठोक्यांच्या तपासणीसाठी ती हृदयाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि शेजारी एका आजी-आजोबांची जुंपली होती.

“दोन महिने उदासीची गोळी शेवेच्या डब्यात लपवलीस, सुहासिनी!”

“तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही इथल्या डॉक्टरांना सांगितलं असतं. ते आपल्याच गणपती मंडळातले!”

“अन् ठोके चुकायला लागले तेव्हा?”

“तेव्हा दाखवलीच ना! रागावले नाहीत हो. म्हणाले, स्वतःच्या मनानं बंद करू नका, आम्ही दोघं डॉक्टर बोलून बदलून देतो.”

“आणि आजचा ईसीजी?”

“एकदम बढ़िया म्हणाले! झोप लागते, भूक लागते. चला, पोहे-जलेबी खाऊ.”

“जलेबी मला. तुला शुगर आहे.”

“अहो, अर्धी तरी!”

पूर्णिमा खुदकन हसली. पिशवीतल्या बाळाच्या लंगोटांखालून तिनं आपल्या उदासीच्या गोळ्यांची पट्टी काढली आणि फाइलच्या अगदी वर ठेवली.

तुमच्या घरीही कोणी एका डॉक्टरांची गोळी दुसऱ्यांपासून लपवत असेल. आज जरा जवळ बसून विचारा ना.