पहिल्या मॅचआधी चांगलं बोलायचं नाही

हॅलो?… कोण?… लेन! अरे, दवाखान्यातून बोलतोयस? फोन ठेवू दिला त्यांनी तुझ्याजवळ?… हो, हो, ऐकतेय… उद्याच? सकाळीच?… नाही रे, बसले कुठली, उभीच आहे. कणसं सोलतेय. बसवतंय कुणाला आज! बरं, डॉक्टर काय म्हणाले ते नीट सांग…

काय?

काय विचारलंस?

अरे गाढवा, उद्या तुझी छाती उघडणारेत आणि तू मला विचारतोस, यंदा क्लीव्हलंडची फुटबॉल टीम कशी आहे?

…बरं बाबा, चिडत नाही. थांब जरा. वॉल्ट, तो रेडिओ बारीक कर! लेनचा फोन आहे!… तुझे दाजी विचारतायत, खायला काय देतात तिथे… जेली? नुसती जेली? अरेरे.

टीम ना? मग ऐक, नेहमीचंच रडगाणं. नवा क्वार्टरबॅक आणलाय. सगळा खेळ त्याच्या फेकीवर, आणि कोवळं पोर आहे रे, गालावर नीट दाढी नाही. चेंडू फेकतो मात्र चांग… नाही! मी काही म्हटलं नाही! बरा फेकतो. लोक म्हणतात, बरा फेकतो. थांब, दृष्ट नको लागायला, लाकूड कुठंय… हे घे. ऐकलंस? टेबल ठोकलं.

आणि त्याला राखायला डावीकडे तो आपला डोंगराएवढा गडी उभा असायचा ना, त्याची कंबर धरलीय. त्याच्या जागी जो उभा करतात तो म्हणजे उघडं फाटक. कुणीही यावं, आत जावं, पोराला आडवं करावं… किकर? त्याचं नाव काढू नकोस. शनिवारी सराव सामना होता, वारा नाही, काही नाही, आणि ह्यानं चेंडू मारला तो दोन खांबांच्या मधून नाही, बाहेरून. नोव्हेंबरात तळ्यावर वारा सुटला की मारेल तो थेट पलीकडे कॅनडात!… कोच? तोही नवाच, त्याच्या दारावरच्या पाटीचा रंग अजून सुकायचाय. सुकेपर्यंत राहिला तरी खूप.

…काय?… चांगलं काही?

लेन, ते नको विचारूस.

अरे ऐक ना… तुला माहितीये. बाबांचा नियम. पहिल्या मॅचपर्यंत टीमबद्दल चांगला शब्द काढायचा नाही. दृष्ट लागते… खुळचटपणा म्हणे! आणि नियम मोडला कुणी? ऑगस्टात, भर अंगणात, हातात सॉसेज घेऊन ‘यंदा आपलंच वर्ष!’ म्हणून कोण बोंबललं होतं? मी? आणि मग? पहिल्याच मॅचला क्वार्टरबॅकचा गुडघा गेला. बाबा ख्रिसमसपर्यंत तुझ्याशी बोलले नाहीत. तू समोर बसलेला, मिठाची बाटली तुझ्या हाताशी, आणि मला म्हणायचे, ‘बर्नी, त्याला सांग, मीठ दे.’

…हसू नकोस, टाके तुटतील… हो रे, टाके उद्या पडायचेत. मग हस. हसून घे.

तिकिटं? आली की. वर्षभराची, दोन्ही. फ्रिजवर लावलीत… तुझी जागा तुझीच आहे… कुणाला? वॉल्टला? वॉल्ट अर्ध्या मॅचला झोपतो! त्याला काय करू शेजारी घेऊन?… लेन… लेन, असलं बोलू नकोस. दर सप्टेंबरला अ‍ॅरिझोनाहून येतोस, यंदाही येणार… ‘जमलं तर’ काय? जमलं तर काय म्हणजे?

…

घाबरलायस?

…मीपण रे. सकाळपासून घरभर नुसत्या येरझाऱ्या. एवढी कणसं सोलली, आता अख्खी गल्ली जेवायला बोलवावी लागेल. मी विमानानं येते म्हणत होते, तर तूच नको म्हणालास. कशाला ऐकलं मी तुझं!

हो, हो… कोण आलंय? नर्स? तिला म्हणावं थांब जरा, बहिणीशी बोलतोय… काय?… एकच? एकच चांगली गोष्ट सांगू?… अरे, बाबा वरून ऐकत असतील… आणि त्या पोराचा गुडघा… त्यालाही आई असेल ना रे कुठेतरी…

…

बरं.

वॉल्ट, रेडिओ बंद कर. बारीक नाही, बंद!

लेन, ऐकतोयस? टीम चांगली आहे. यंदा टीम फार चांगली आहे. शनिवारी त्या पोरानं चेंडू फेकला ना, अर्ध्या मैदानावरून, अंगावर तीन धटिंगण आलेले असताना, आणि चेंडू बरोबर पुढे पळणाऱ्या आपल्या गड्याच्या हातात! पाळण्यात मूल ठेवावं तसा. मी खुर्चीतून उठले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. कुणाला सांगितलं नाही, वॉल्टलाही नाही. आणि आपला बचाव? मुंगी जायची नाही त्यातून. जानेवारीत बाकीच्या टीम घरी बसतील तेव्हा आपलं क्लीव्हलंड बाद फेरीत खेळत असेल. यंदा आपलंच वर्ष आहे, लेन. ऐकलंस? आपलंच!

…नाही, टेबल नाही ठोकलं… शप्पथ. एका हातात फोन, दुसरा खिशात.

…लेन? रडतोयस की हसतोयस?… अरे, तिला म्हणावं एक मिनिट… एकच… स्वेटर आण येताना, इथे सप्टेंबरात… हॅलो?… लेन?… हॅलो?

घेतला वाटतं फोन तिनं.

…असा काय बघतोस, वॉल्ट? हो, म्हटलं मी. सगळं म्हटलं, मोठ्यांदा म्हटलं. मोडला त्या पोराचा गुडघा तर मोडू दे. दोन्ही मोडू देत. माझ्या शेजारच्या खुर्चीत माझा भाऊ बसला पाहिजे.