खडूची रेघ

(शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरचा बाक. आई आणि तिचा धाकटा भाऊ. हा शाळेत इतिहास शिकवतो. बाकाच्या टोकाला तिचा मुलगा, मनगटाला पिवळी फीत.)

आई : शर्टावरचं रक्त पुसू नकोस. माझ्या पोरीचं आहे ते.

मामा : ताई, जबडा बसवता येईल म्हणाले डॉक्टर.

आई : आणि डोळा?

मामा : डोळ्याचं उद्या सांगतील.

आई : शिकवत तरी काय होतास रे तू वर्गात?

मामा : राष्ट्र कसं घडतं, तो धडा. नुसता वाचून दाखवला असता तर पोरं पेंगली असती. म्हणून वर्गाच्या मधोमध खडूची रेघ मारली. सम हजेरी नंबर एकीकडे, विषम दुसरीकडे. दोन देश.

आई : माझी जुळी हजेरीत पाठोपाठ आहेत. लक्षात नाही आलं?

मामा : आलं. म्हटलं, गंमत येईल.

आई : गंमत! अक्कल गहाण टाकली होतीस?

मामा : निळ्या फिती, पिवळ्या फिती. गाणी त्यांची त्यांनीच रचली. मी नियम एकच घातला, विचारल्याशिवाय रेघ ओलांडायची नाही. शेवटी त्यांच्याच हातांनी पुसून घेणार होतो. म्हणणार होतो, बघा, इथे काहीच नव्हतं.

आई : मग पुसली का नाहीस?

मामा : तपासणीला साहेब येणार होते. त्यांना दाखवावं, म्हणून लांबवलं. पोरं रोज सकाळी येऊन रेघ गिरवायची, जाड करायची. मी शाबासकी देत होतो, ताई.

आई : आजचं सांग. काही गिळू नकोस.

मामा : मधली सुट्टी होती. तू दोघांना डबा एकच देतेस, तो पोरीकडे होता. ती घेऊन गेली पलीकडे. 'घुसली, घुसली' असा ओरडा झाला. कुणी केस धरून आपटलं, कुणी बाकाची फळी उचकटली. खाली पडली तरी तोंडावर लाथा घालत होते. मी धावत पोचलो तेव्हा फरशीवर दात पडले होते. भाजी, रक्त, सगळं एक झालेलं.

आई : आणि हा? हा कुठे होता?

मामा : ताई...

आई : बोल!

मामा : फळी याच्याच हातात होती.

आई : माझ्याकडे बघ. इकडे बघ! तुला ताप आला की ती घास तोंडात घालत नाही, कार्ट्या!

मुलगा : माहीत आहे.

मामा : ती फीत सोड आधी. संपलं सगळं. मी सांगतोय ना!

मुलगा : तुम्ही सांगून कसं चालेल, सर? तुम्ही आमच्यातले नाही.

आई : अरे, तू उपाशी राहशील म्हणून आली होती ती! तुझी बहीण!

मुलगा : हो. पण विचारून नाही आली.