गिरणीत तुळजा काय म्हणली

...न्हाई तर काय! पट्टा तुटला म्हणे. सकाळधरनं आपण बाया डोक्यावर दळणं घेऊन उभ्या, आणि हा धर्मराज म्हणतो, "मावशी, पट्टा शिवून राह्यलो, जरा दम धरा." अरे, जात्याला कधी पट्टा व्हता का? जातं कधी म्हणलं का, की माझं तेल संपलं, जालन्याहून येईस्तोवर उपाशी बसा? बसा बायांनो, पोत्यावरच बसा. इंजिन बंद हाय तोवर बोलून घेते. एकदा का ते ढकढक करू लागलं, की माणसाचा आवाज ह्या पत्र्याखाली मेलाच म्हणून समजा. माझ्या जावेचा असाच मेला. ती मला काहीतरी म्हणली, तोंडासमोर उभी राहून म्हणली, आणि मला ऐकूच आलं न्हाई... काय म्हणली असंल तुळजा?

आता तुम्ही म्हणाल, जाऊ काहीतरी म्हणली, त्यात काय एवढं? तर ऐका. आमची वाटणी झाली तेव्हापासून तुळजा माझ्याशी बोलत नव्हती आणि मी तिच्याशी. वाटणी म्हंजे कशी, बिलकुल बराबर. बैल एक त्यांना, एक आम्हाला. चिंचेच्या सुद्धा फांद्या मोजल्या. शेवटी राह्यलं जातं. माझे मोठे दीर काकासाहेब, तुळजाचे मालक, म्हणले आमचं, आमच्या घरचे म्हणले आमचं, आणि पंचांना भूक लागल्ती. त्यांनी काय करावं? जात्याच्या दोन दगडी तळ्या, एकेकीला एकेक देऊन टाकली! खालची तळी तुळजाची, वरची माझी. आणि उठून जेवायला गेले. पुरुषमाणसांनी कधी दळलं असतं तर कळलं असतं ना, की एका तळीचा फक्त चटणीचा दगड होतो.

मंग काय करता? खालची तळी तिच्या ओसरीत रोवलेली, ती काही उपटून निघंना, आणि माझी वरची एकटी नेऊन काय करू? म्हणून मीच रोज पहाटे दळण घेऊन तिच्या ओसरीत जायची. माझ्या मालकीच्या तळीपाशी! ती समोर बसायची, दोघींचे हात एका खुंट्यावर, आणि तोंडं दोन दिशेला. बोलायचं न्हाई, दोघींनीबी शपथा घेतलेल्या. पण ओवी म्हणलं तर ते बोलणं थोडंच हाय? ओवी म्हंजे गाणं. आणि गाण्याला शपथ लागत न्हाई, हे आम्ही दोघींनी एकमेकीला न विचारता ठरवून टाकलं.

मंग काय विचारता बायांनो. माझं लेकरू तिच्या अंगणात कोरडी भाकर खात गेलं, की दुसऱ्या दिवशी पहाटे ती डोळे मिटून, देवाचं म्हणावं तशी सुरू व्हायची:

तुपाचा गं दरवळ, शेजारणीच्या दारातून
लेकरू गं हिंडतंय, भाकर कोरडी घेऊन

मी काय सोडते व्हय? मी तिच्या पातळ वरणावर अशी ओवी जोडली, की ती हसू दाबता दाबता जात्यात दाण्याची वैरण टाकायची विसरली आणि तळ्या एकमेकींवर कोरड्याच घासल्या. भांडणं जात्यावर, सांत्वनंबी जात्यावर. तिचा थोरला हैदराबादेला निघून गेला ते मला ओवीतच कळलं. माझी पोर बाळंतपणात गेली तेव्हा सगळं गाव दारात येऊन बोललं, त्यातला एक शब्द ध्यानात न्हाई माझ्या. तुळजानं ओवीत काय म्हणलं तेवढं ध्यानात हाय. ते सांगत न्हाई मी. ते माझं हाय.

आणि एक. आम्ही दोघी एका गावच्या, शहागडच्या, गोदागंगेकाठच्या. माझं माहेरचं नाव येसू. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून नाव बदललं, द्वारका केलं. ते द्वारका तरी कोण म्हणलं? नवरा म्हणतो "अगं", सासू म्हणायची "ए धाकटे", लेक म्हणतो "माय", आणि गाव म्हणतं रामकिसनची माय. माझी आई गेली, भाऊ येत न्हाई. आख्ख्या दुनियेत मला येसू म्हणणारी एकच बाई, आणि ती माझ्याशी बोलत न्हाई! पण पायली संपत आली, शेवटची वैरण पडली, की हे म्हणायचीच:

एका शिवारची पाखरं, एका झाडावं उतरली
येसूबाई माझी जाऊ, माझ्या जन्माला पुरली

आता ही तारीफ म्हणायची का टोमणा? "जन्माला पुरली" म्हणे! मला अजून कळलेलं न्हाई. पण नाव तर घेतलं ना? रोज घेतलं.

आणि मंग आली ही गिरणी. गिरधारीलाल शेठनं परतुरात इंजिन आणलं, बत्तासे वाटले, आणि आमच्या घरचे माझ्यासमोर छाती काढून म्हणले, "आता तुमच्या हाताला आराम." मी म्हणले, हाताला आराम देता, तोंडाचं काय? त्यांना कळलंच न्हाई. काकासाहेबांनीबी तुळजाला गिरणीत धाडलं. सुटलं दळण. दळण सुटलं तशी ओवी सुटली. आता बोलावं कसं? भर रस्त्यात जाऊ समोर आली म्हणून मी काय ओवी सुरू करू? लोक येडी म्हणतील.

आणि इथं आल्यावर काय, तर धर्मराज ओरडतो, "दळण कोणाचं?" आता नवऱ्याचं नाव कसं घ्यावं? मी म्हणले, "ह्यांचं." "ह्यांचं म्हंजे कोणाचं?" माझ्यामागं चतुराबाई, ती म्हणली "ह्यांचं." तिच्यामागं ही नंदाबाई, तिचंबी "ह्यांचं"! आख्खी रांग ह्यांची! धर्मराजनं कपाळाला हात लावला आणि ज्याच्या त्याच्या पोत्याला चिंध्या बांधल्या. मला हिरवी आली. तेव्हापासून हा पत्र्याखालून ओरडतो, "चला, हिरवी चिंधी!" आणि मी जाते, बाई. येसूची द्वारका, द्वारकाची रामकिसनची माय, आणि आता चिंधी.

वर शेठचा तो बाजा. गिऱ्हाइकाला करमावं म्हणून ठेवलाय भोंग्याचा. बाजा वाईट न्हाई, गळा गोड हाय आतल्या बाईचा. पण त्याला टोमणा मारून बघा! तो आपलं मघाचंच गातो. वरची ओळ तोच म्हणणार, खालचीबी तोच. मंग आपण कशाला बसायचं समोर? आणि गाणं संपलं की आतली बाई ठसक्यात स्वतःचं नाव सांगते, ऐकलंय ना? तबकडीत कोंडलेल्या बाईला नाव सांगता येतं, आणि आपण पायानं चालत येऊन "ह्यांचं, ह्यांचं"!

तर त्या दिवशी. बाजार असल्यानं गर्दी. इंजिन सुरू, वरून बाजा सुरू, पीठ उडून राह्यलं, आणि तुळजाचं दळण झालेलं. अंगानं सुकलेली दिसली मला. पिठाचं गाठोडं काखेला मारून ती वळली, आणि जायचं सोडून माझ्यासमोर येऊन उभी राह्यली. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ. आणि बोलली! शपथ मोडून बोलली, ओवी न्हाई, सरळ बोलली. तोंड हललेलं मी बघितलं. मी म्हणले, "काय?" माझं "काय" मलाच ऐकू आलं न्हाई, तर तिला कुठून येणार? तीबी म्हणली "काय?" असं वाटलं. मी कानाला हात लावला. ती हसली. हात हलवला, "जाऊ दे" अशासारखा, आणि गेली. मागं जावं तर हा ओरडला, "हिरवी चिंधी!"

म्हणलं उद्या विचारते. उद्या तिला ताप भरला. मी दारापर्यंत गेल्ते, तर ती शुद्धीत नव्हती. आठवडा काही काढला न्हाई तिनं.

तिचं दहावं-तेरावं झाल्यावर मी एकेकाला धरून विचारलं, तुळजा काय म्हणली? धर्मराज म्हणतो, "मावशी, मला फक्त 'ये' ऐकू आलं." शेठला विचारलं. शेठ म्हणतो, "बाई, हमको भी 'ये' जैसा लगा. आगे इंजन खा गया." नंदाबाई, तू तर जवळ व्हतीस. तू म्हणलीस "येते" म्हणली, जाताना म्हणतात तसं. चतुराबाई म्हणते "येडी" म्हणली, आणि हसली म्हणून तेच असंल. तेबी बराबरच, येडी ती मला मनातल्या मनात रोज म्हणत असंल. काकासाहेब म्हणतात, "ये घरी" असं म्हणली असंल, तिच्या मनात व्हतं म्हणे. आणि मला वाटतं... मला काय वाटतं ते सोडा. सगळे "ये"पर्यंत येतात आणि पुढं कोणीच जात न्हाई. येते म्हणली, ये म्हणली, येडी म्हणली, का येसू म्हणली?

काकासाहेब स्वतः आले घरी. कधी न्हाई ते ओट्यावर टेकले. म्हणले, "खालची तळीबी तुम्हीच न्या आता. जातं सगळं तुमचं." बघा! इतकी वर्षं ज्याच्यासाठी अबोला धरला, ते आख्खं जातं माझं झालं. मी काही उपटून आणलं न्हाई. पहाटे तिथंच गेले, मूठभर ज्वारी घेऊन. खुंट्याला हात घातला. एकटीच्या हाताला ओढवत न्हाई हो ते, दोघींच्या बेतानं घडवलंय पाथरवटानं. तरी ओढलं. पहिली ओळ म्हणले. थांबले. समोरून काही येईना. मंग दुसरीबी मीच म्हणावी, तर त्या बाज्यात आणि माझ्यात काय फरक राह्यला? उठले. जाडंभरडं पीठ तिच्या तुळशीपाशी मुंग्यांना टाकलं आणि घरी आले.

म्हणून विचारते बायांनो, तुम्ही शहाण्या आहात. तोंड असं झालं व्हतं तिचं, आधी असं फाकलं, आणि मंग ओठ असे पुढं... का न्हाई आले पुढं? पीठ व्हतं ना तोंडावर, नीट दिसलं न्हाई. येते म्हणायला ओठ पुढं येत न्हाईत, मी आरशात बघितलंय. येसू म्हणायला येतात. नंदाबाई, तू खरं सांग, देवाशपथ सांग, ओठ पुढं आले व्हते का तिचे? तू समोरून बघितलंस, मी रडत न्हाई, तू नुसतं सांग, आले व्हते का...

शिवला व्हय रे पट्टा? अरे, एक घडीभर थांब ना, ही सांगून राह्यली... धर्मराज! थांब म्हणते ना...

काय? काय म्हणलीस नंदाबाई? जोरात बोल!... काय?

ऐकू येत न्हाई गं.

कोण? हिरवी चिंधी?

हां. ती मीच.