प्यो वस्तादांनी मुलांना शिकवणं का सोडलं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि सोल्पो हापकिडो संघटनेचे प्रमुख माननीय योम साहेब, व्यासपीठाची शोभा वाढवणाऱ्या नगरसेविका गिल बाई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते माझे वस्ताद श्री. प्यो ग्वांगसू, आणि खुर्च्यांवर बसलेले, खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकलेले माझे सगळे गाववाले, तुम्हां सर्वांना ग्वाक मालसुनचा वाकून नमस्कार.

मला या गावात नावाने कोणी ओळखत नाही. सूपवाली मावशी म्हणतात. ज्याची रात्रीची उतरलेली नसते, तो सकाळी माझ्याकडे येतो आणि एक वाटी सूप पिऊन माणसात येतो. त्यामुळे या सभागृहातल्या बहुतेक पुरुषांना मी त्यांच्या सगळ्यात वाईट अवस्थेत पाहिलेलं आहे. नगरसेविका बाई हसतायत. हसा, तुमचे यजमानही येतात.

योम साहेबांनी मला मोठ्या माणसांच्या पहाटेच्या वर्गातर्फे बोलायला सांगितलं. "मावशी, दोन गमती सांगा, लोकांना हसवा आणि झटकन खाली उतरा," असं म्हणाले. अध्यक्षांचा शब्द मोडू नये. आधी गंमत सांगते.

साठीला आले तेव्हा मी वस्तादांच्या हापकिडोच्या तालमीत नाव घातलं. कारण असं, की दोन झिंगलेले खलाशी दुकानात माझी गचांडी धरून उभे राहिले आणि मला हातातला सुपाचा डाव मारायचंसुद्धा सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी वस्तादांकडे गेले. म्हटलं, "मला माणूस कसा पाडायचा ते शिकवा." ते म्हणाले, "मावशी, आधी तुम्ही पडायला शिका." मी म्हटलं, "पडायला शिकायचं कशाला? या वयात ते आपोआप होतं." तरी त्यांनी सबंध हिवाळा मला गादीवर पाडलं. पुढे पाडलं, मागे पाडलं, कुशीवर पाडलं. मी शिव्या घालायची आणि ते म्हणायचे, "श्वास सोडा, मावशी. शिवी देताना श्वास सुटतो, ते चांगलंच आहे."

मोठ्या माणसांना शिकवणं त्यांना फारसं आवडायचं नाही, हे आज सांगायला हरकत नाही. आमची हाडं घट्ट आणि मनं त्याहून घट्ट. पडायच्या आधीच आम्ही कोण बघतंय ते बघतो. लहान मूल तसं करत नाही. पडतं, हसतं, उठतं. संध्याकाळी पाचचा मुलांचा वर्ग हा या माणसाचा जीव होता. तो हॉल तुम्हांला आठवतच असेल. एका बाजूला सबंध काच, काचेपलीकडे आयांना बसायला बाक आणि कॉफीचं यंत्र. आत तुमची लेकरं पांढऱ्या पोशाखात एकमेकांची मनगटं धरून उभी. वस्ताद सांगायचे, "ज्याने धरलंय, त्याचाच जोर वापरा. आपला जोर वाया घालवायचा नाही. आणि तो खाली बसला की सोडून द्यायचं." ही विद्या एवढीच आहे. बाकी सगळा घाम.

इथपर्यंत गंमत होती. योम साहेब घड्याळ बघतायत. थोडा वेळ द्या, साहेब.

आधीच्या वक्त्यांनी फार सुंदर भाषणं केली. प्रत्येकाने सांगितलं की, वस्तादांनी "काही वैयक्तिक कारणांमुळे" मुलांचा वर्ग बंद केला आणि गावाची हानी झाली. वैयक्तिक म्हणजे कोणाचं वैयक्तिक, हे कोणी सांगितलं नाही. तेवढं मी सांगते.

समोरच्या रांगेत श्री. बांग तेसिक बसले आहेत. संघटनेचे आश्रयदाते, बर्फाच्या कारखान्याचे मालक. दाराशी फुलांचं मोठं चक्र उभं आहे, त्याच्या रिबिनीवर त्यांचंच नाव आहे. बर्फाशिवाय मासा टिकत नाही, आणि आपल्या बंदरात बर्फ एकट्या बांगकडे. त्यांची मुलगी हारिम पाचच्या वर्गात यायची. शाळेत पाचवीला होती. आई ती लहान असतानाच गेलेली. ती पोर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं घालायची. ते का, हे तुम्हांला त्या वेळीही ठाऊक होतं, म्हणून मी विस्तार करत नाही.

एके दिवशी तेसिक ऐन वर्गात आत आले. बुटांसकट गादीवर चढले. मुलीने घरी भात लावला नव्हता, असं काहीतरी कारण. तिचे केस मुठीत धरले आणि फरफटत दाराकडे नेऊ लागले. वस्ताद म्हणाले, "तेसिक, केस सोड." सोडले नाहीत. "लेकरं बघतायत, सोड." तेसिकने दुसऱ्या हाताने वस्तादांच्या तोंडात मारली. मग वस्तादांनी केसांवरचं ते मनगट धरलं आणि मुलांना शिकवत तसंच केलं. तेसिक जोरात उलट ओढत होते, त्यात मनगट मोडलं. ते खाली बसले आणि वस्तादांनी सोडून दिलं.

हे घडलं तेव्हा मी तिथे नव्हते. मी पहाटेच्या वर्गाची. पण काचेपलीकडचा बाक गच्च भरलेला होता.

तेसिकने फिर्याद दिली, की या माणसाने मुलांदेखत एका बापाला विनाकारण मारलं. पोलीस साक्षीदार शोधत घरोघर हिंडले. एक आई म्हणाली, मी फोनमध्ये बघत होते. एक म्हणाली, काचेवर वाफ धरली होती. एक जण कॉफी घ्यायला वळला होता. बाकावरची सगळी माणसं एकाच वेळी कॉफी घ्यायला वळली असतील, तर ते यंत्र भलतंच चांगलं असणार. तालमीतल्या कॅमेऱ्याचं तोंड चपलांच्या कपाटाकडे होतं. आपल्या गावात चपला फार सुरक्षित आहेत. हारिमला विचारलं तर ती म्हणाली, "मी पडले." तिला आणखी काय बोलता येणार होतं? रात्री तिला त्याच घरी झोपायचं होतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हेच लोक माझ्या दुकानात आले. पोलिसांपुढे ज्यांना काहीच दिसलं नव्हतं, त्यांना सूप पिताना सगळं दिसलं होतं. कोणत्या हाताने केस धरले, पोर कशी ओरडली, हाड मोडल्याचा आवाज कसा आला. जुनहीची आई, तू तर मला उठून करून दाखवलंस. मी म्हटलं, "मग हे ठाण्यावर जाऊन सांग ना." तू म्हणालीस, "मावशी, आमच्या होडीला उद्या बर्फ कोण देणार?" बर्फाबद्दल तू खोटं बोलली नाहीस, हे मी मान्य करते. मी ठाण्यावर गेले, तर ते म्हणाले, "मावशी, तुम्ही तिथे होता का? नाही ना? मग सूप सांभाळा."

संघटनेने चौकशी नेमली. कसलेल्या माणसाचा हात हे हत्यार असतं, असा ठराव झाला. ठराव छान भाषेत होता.

त्यानंतर एक दिवस दुपारी, गिऱ्हाईक नसताना, माझ्या दुकानात एक बैठक झाली. प्लास्टरमधला हात घेऊन तेसिक, समोर वस्ताद, आणि मध्ये योम साहेब. साहेब त्या वेळी चिटणीस होते. मी पडद्याआड लसूण सोलत होते. सूपवालीच्या कानांची कोणी पर्वा करत नाही.

वस्ताद म्हणाले, "हारिमला नामवॉनला तिच्या आजीकडे जाऊ दे. सज्ञान होईपर्यंत तिला परत आणायचं नाही. त्या बदल्यात काय हवं ते बोल."

तेसिक म्हणाला, "माझी पोर आहे ती."

"म्हणून तर तुला विचारतोय. नाहीतर कोणाला विचारलं असतं?"

तेसिकने बराच वेळ चमचा फिरवला. मग म्हणाला, "तू पोरांना शिकवायचं बंद करायचं. गावात एकाही पोराच्या अंगावर तुझा पांढरा पोशाख दिसता कामा नये. तिला भेटायला जायचं नाही. आणि चूक कबूल करायची. इथे, गुडघे टेकून."

योम साहेब म्हणाले, "प्यो, मान्य कर. सगळ्यांच्याच सोयीचं आहे."

माझ्या दुकानातली फरशी किती तेलकट असते, तुम्हांला माहीत आहे. हा माणूस तिच्यावर गुडघे टेकून बसला, डोकं खाली घातलं आणि म्हणाला, "चुकलो." तेसिकने ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. योम साहेबांनी त्या दिवशी आणखी एक वाटी सूप मागितलं होतं. साहेब, मी दिलं, कारण माझा धंदा आहे.

ते दोघे गेल्यावर मी बाहेर आले. म्हटलं, "वस्ताद, तुम्ही काय केलंत हे?" ते पँट पुसत म्हणाले, "मावशी, पोर सुटली. हे कुठे बोलू नका. बोललात तर तो तिला परत आणील."

म्हणून मी गप्प राहिले. त्या आठवड्यात हारिम गेली आणि पाचचा वर्ग बंद झाला. गाव म्हणालं, चूक होती म्हणूनच कबूल केली ना. आयांनी मुलांना ताकीद दिली. एकदा बाजारात त्यांच्या जुन्या वर्गातल्या एका मुलीने सवयीने त्यांना वाकून नमस्कार केला, तर आईने तिला दंडाला धरून मागे खेचलं. वस्ताद वांग्याच्या गाडीसमोर उभे राहिले आणि वांगी बघत बसले. पोट भरायला ते पार्सलची गाडी चालवत होते आणि पहाटे आम्हां म्हाताऱ्यांना पाडत होते.

आता वस्ताद मला हाताने खुणावतायत, की बसा. वस्ताद, आज मी तुमचं ऐकणार नाही. जिच्यासाठी गप्प राहायचं होतं, ती आता सज्ञान झाली. मी तिच्या परवानगीने बोलते आहे.

गेल्या महिन्यात मी नामवॉनला जाऊन आले. हारिम दातांच्या कवळ्या बनवायचं काम शिकते. उंच झाली आहे. मी म्हटलं, "वस्तादांना निरोप द्यायचा आहे, येशील?" तिने तोंड फिरवलं. म्हणाली, "मावशी, ते मला एकदाही भेटायला आले नाहीत. मी दर रविवारी रस्त्याकडे बघायची. नंतर सोडून दिलं." अट काय होती हे आजीने तिला कधी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. गुडघ्यांचंही सांगितलं. ती रडली नाही. हातातला मेणाचा दात खाली ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे त्यांचा वर्ग माझ्यामुळे गेला."

मी म्हटलं, "तुझ्यामुळे नाही गं, बाई. आमच्या गावामुळे."

मग ती म्हणाली, "सगळ्यांसमोर सांगा. पण मला तिथे नेऊ नका. बाकावर कोण कोण बसलं होतं, ते मला अजून पाठ आहे."

या वसंतात वस्तादांची अट सुटली. त्यांनी गाद्या धुतल्या, खाली पाटी लावली: लहान मुलांचा वर्ग पुन्हा सुरू. महिनाभर रोज पाचला दार उघडं ठेवलं. एकही मूल आलं नाही. गावात मुलं कमी झाली आहेत, हे खरं. पण जी आहेत, त्यांच्या आयांनी ती पाटी वाचली आणि पुढे निघून गेल्या. म्हणून ते गाव सोडून भावाच्या सफरचंदाच्या बागेत कामाला चालले आहेत. छापील पत्रिकेत "पुढील वाटचालीसाठी" असं म्हटलंय, ती वाटचाल ही.

श्री. बांग तेसिक उठले आहेत. जाऊ द्या त्यांना, वाट द्या. त्यांच्या पाठोपाठ रांगेतले तिघे-चौघे अर्धवट उठून एकमेकांकडे बघतायत. ज्यांना जायचं त्यांनी जावं, मी थांबते. जुनहीची आई, तू ऊठ किंवा बस, तुझी मर्जी. फक्त या खेपेला फोनमध्ये बघू नकोस.

बरं.

वस्ताद, तुम्ही मला पडायला शिकवलंत, त्याचे उपकार मी फेडू शकत नाही. तुमचा शब्द मोडला, त्याची माफी फक्त तुमच्याकडे मागते. संघटनेने हा सोहळा घडवला, हार आणले, माईक दिला, त्याबद्दल योम साहेबांची आभारी आहे. माईक पुन्हा देणार नाहीत, हे मी समजून आहे.

आता शेवटचं. समारंभानंतर सर्वांचं जेवण मावशीच्या दुकानात, असं तुम्हांला कळवलेलं आहे. मी आज फक्त वस्ताद आणि पहाटेच्या वर्गातली माणसं, एवढ्यांपुरतंच रांधलं आहे. तेव्हा बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर तेवढं पोटात घाला. आज माझ्याकडून पोटात घालायला दुसरं काही मिळणार नाही.